दावा तुमचा, परीक्षा तिची

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला आहे. आम्ही कोथरूडला राहतो. तिने यंदाच डिसेंबरात क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, द्यावी असं माझं मत. ती म्हणते, पदवी झाल्यावर बघू. गावच्या जमिनीचा दावा माझ्या वडिलांपासून चालू आहे, घरात एक वकील हवाच. लवकर सुरुवात केली तर न्यायाधीशही लवकर होईल. वर्ष वाया जाऊ नये म्हणून काय करावं?
– एक पालक

उत्तर : तुमच्या पत्रात परीक्षेपेक्षा जमिनीचा दावाच जास्त दिसतो, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. मुलीचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उरकलंत. 'पदवीनंतर बघू' असं ती का म्हणते, हे विचारलंत का? ती आत्ता तयारीला लागली तरी वकिलीची सनद मिळेपर्यंत पाच-सहा वर्षं जाणार. कोर्टाच्या तारखा तोवर थांबणार नाहीत. दाव्यासाठी दिवाणी कामात मुरलेला वकील आजच गाठा. आजोबांच्या काळातलं भांडण या मुलीच्या गळ्यात घालू नका. उद्या वकिली नकोशी झाली, तर तसं घरात बोलायचीही तिला चोरी होईल.

लवकर न्यायाधीश होण्याचं गणितही चुकतंय. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या भरतीसाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. कॉलेजातून थेट न्यायासनावर, हे आता नाही. शिवाय बारावीनंतरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. बीकॉमची तीन आणि एलएलबीची तीन मिळून सहा. फरक एका वर्षाचा! सनद तीच, वकिली करण्यासाठीची बार कौन्सिलची परीक्षाही तीच. त्या एका वर्षासाठी घरात एवढा ताण कशाला?

क्लॅट इंग्रजीतून आणि बोर्डाच्या तोंडावर असते. राज्याची कायद्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, मराठीतूनही देता येते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाला प्रवेशही तिच्यातूनच होतो.

माझं मत स्पष्ट आहे. आधी बोर्ड. मुलीने स्वतःहून होकार दिला, तर नंतरची सीईटी. नाही तर खुशाल बीकॉम करू द्या, तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी पदवीनंतर देता येते. मधल्या काळात तिला मैत्रिणीबरोबर शिवाजीनगर कोर्टात दिवसभर बसू द्या, खुल्या न्यायालयातलं कामकाज कुणालाही पाहता येतं. तुम्ही मात्र बरोबर जाऊ नका. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. परीक्षा कधी द्यायची, ते मी तिच्याशीच बोलेन.