तिनं मुद्दामच केलं!

येळवस, म्हणजे शेतात जेवायला बोलवायचा वेळ अमावास्येचा सण, झाली की आमच्या लातुरात रुसव्यांचा हंगाम सुरू होतो. कोणाला शेतात जेवायला बोलावलं, कोण राहिलं. एरवीही माझ्याकडे समुपदेशनाला हेच येतं, फक्त प्रसंग बदलतो: मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, लग्नात बघून न बघितल्यासारखं केलं. आणि सगळ्यांच्या तोंडी एक शब्द ठरलेला, "मुद्दाम".

"धाकट्या जावेनं बोलावलं नाही मॅडम. मुद्दाम." पंचेचाळिशीच्या बाई. (ओळख बदलली आहे.)

"फोन आला नाही, हे खरं. मुद्दाम कशावरून?"

"तिचा स्वभावच तसाय."

चार भेटी त्या स्वभावातच गेल्या. पाचव्या वेळी मी विचारलं, "आदल्या वर्षी गेला होतात?"

"गेले की. कोपीपुढं बसून भज्जी, उंडे, सगळं खाल्लं. आंबील तेवढी घेतली नाही. पित्त झालं होतं. तिनं तांब्या पुढं केला, मी हातानंच नको म्हटलं."

"पित्ताचं सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं?"

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत मला नीट जमलेली गोष्ट हीच, गप्प बसणं. बाई पर्सची चेन मागेपुढे करत होत्या. ती मधेच थांबली. "अगं बाई! तिला वाटलं असंल, लातूरला गेल्यापासून हिला आमची आंबील चालंना."

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी. प्रसंगापेक्षा आपण त्याला लावलेला अर्थ जास्त छळतो, हे तो १९५५ पासून सांगत होता. त्यात आपलं माप दुटप्पी: आपल्याला उशीर झाला तर एसटी लेट होती, दुसऱ्याला झाला तर तो बेफिकीर. दुसऱ्याच्या वागण्याचं खापर परिस्थिती न बघता त्याच्या स्वभावावर फोडण्याच्या चुकीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये शास्त्रीय नावही दिलं. म्हणून मी सांगते, "मुद्दाम" म्हणण्याआधी आणखी दोन कारणं शोधा. ती खरी निघाली नाहीत तरी चालेल, तोवर राग जरा खाली बसतो. मात्र हा भोळेपणा नव्हे. सातबाऱ्यावरून नाव गायब झालं असेल तर चांगला हेतू धरून बसू नका, आधी तलाठ्याकडे जा. माझ्याकडे नंतर या.

यंदा येळवशीच्या आधी बाईंनी स्वतःच फोन लावला. "आंबील बाधते गं मला, पण भज्जीला येऊ का?" जाऊ म्हणाली, "या की." गेल्या वर्षी का बोलावलं नव्हतं, ते बाईंनी विचारलं नाही. मलाही अजून माहीत नाही.