ठाण्याहून भूतान: आधी कागद, मग तिकीट

तिकिटं काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघा. भूतानच्या परवान्याला आधार चालत नाही. किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, मुलांचा जन्मदाखला. इथेच बहुतेकांचं अडतं.

बजेट भूतान पर्यटकांकडून घेतो त्या शाश्वत विकास शुल्कापासून मांडा: भारतीयांना माणशी रात्रीचे 1200 रुपये, 6 ते 12 वयाला निम्मे, त्याखाली माफ. नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी, सहा रात्री म्हणजे 18,000. हॉटेल, गाडी वेगळं. म्हणून उगाच एक रात्र वाढवू नका.

मुंबई-बागडोगरा विमान, पुढे भारताच्या सीमेवरच्या जयगावपर्यंत चार-पाच तास गाडी. त्याच दिवशी थिंफू गाठायचा हट्ट नको, सीमेपलीकडच्या फुन्शोलिंगला मुक्काम करा.

पारोचा तक्तसांग मठ (1692) शेवटी ठेवा. तोवर उंची अंगवळणी पडते. मठ सुमारे 3100 मीटरवर, जाऊन-येऊन पाच-सहा तास. घोडा निम्म्या वाटेपर्यंतच. पुढच्या शेकडो पायऱ्या आणि परतीची उतरण पायीच. महिनाभर आधी ठाण्याजवळच्या येऊरचा चढ सुरू करा, गुडघे दुवा देतील. पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. मोबाइल, बॅग बाहेरच ठेवावी लागते.

रुपया आणि भूतानचं चलन न्गुलत्रुम यांची किंमत समान. उरलेले न्गुलत्रुम सीमेआधीच संपवा, ठाण्यात कोणी घेणार नाही.