अकरा डबे आणि एक काठी

"मॅडम, कुठली गोळी सुरू केली म्हंजे हिचा पाय नीट उचलंल, तेवढं सांगा."

मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जातंतूंच्या आजाराचं माणूस असलेल्या घरातून हा प्रश्न हमखास येतो. मी समुपदेशक, गोळ्या लिहून देत नाही. पण त्या दिवशी त्या गृहस्थांनी कापडी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली आणि गोळ्या-सिरपांचे अकरा डबे गडगडले. या दादांची मार्केट यार्डात गुळाची अडत. कुठला डबा कधी आणला, केवढ्याला, सगळं वहीत टिपलेलं. महिन्याचा खर्च आठ हजारांच्या घरात.

पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.) आजाराला पाच वर्षं झालेली. "उजव्या पायातली चप्पल मागं राहती आणि मला पत्ताच लागत नाही," एवढं बोलून त्या गप्प झाल्या.

डब्यांत बायोटिन हे ब जीवनसत्त्व होतं, शंभर मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, दिवसाला तीन. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. २०१६ च्या एका छोट्या चाचणीत याच मात्रेने काहींची चाल सुधारलेली दिसली होती. मग ६४२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला: बायोटिन घेणाऱ्यांत सुधारले १२ टक्के, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ९. एवढा फरक योगायोगानेही पडतो. पहिली बातमी घरोघर पोचते, दुसरी वाटेत कुठंतरी हरवते.

त्यातून एक घोळ झालेला. बाईंच्या थायरॉइडच्या रिपोर्टात टीएसएच एकदम खाली आणि टी-३, टी-४ वर, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत असल्यासारखे आकडे. घरात नवीन आजाराची धास्ती. इतकं बायोटिन रक्तात असलं की काही तपासण्या फसतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि डबा घेतो हे यांनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. अकराच्या अकरा नावांची यादी करून मी त्यांना न्यूरोलॉजिस्टकडे परत पाठवलं. बायोटिन थांबवून काही दिवसांनी रक्त पुन्हा तपासलं, थायरॉइड ठणठणीत.

ड जीवनसत्त्व मात्र खरंच कमी होतं, ते डॉक्टरांनी चालू ठेवलं. फक्त साठ हजार युनिटचं सॅशे आठवड्याला एकदा घ्यायचं, ते हे एक दिवसाआड देत होते. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडाला त्रास होतो. आणि 'प्रतिकारशक्ती वाढवा' लिहिलेलं सिरप? या आजारात स्वतःचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. तिला आवरायला महागडं औषध चालू असताना ते सिरप कशाला, हे दादांना लगेच पटलं.

बायोटिन सोडवेना. "बंद केलं आणि बिघडलं तर?" मग त्यांना त्यांच्याच पद्धतीचं काम दिलं. घरच्या सोप्यात पंचवीस फूट मोजून खडूच्या दोन रेघा, हातात घड्याळ. दवाखान्यातही चाल अशीच मोजतात. साधारण वीस टक्क्यांच्या आतला चढउतार मनावर घ्यायचा नसतो. महिन्याने वही आली. बायोटिन बंद, आकडे जवळपास तेच. दोन दुपारी मात्र वेळ चांगलीच वाढलेली. दोन्ही दिवशी बाई उन्हातून घरी आल्या होत्या. उष्णतेने या आजारात पाय तात्पुरते जड होतात, नवा झटका असतोच असं नाही.

वही चाळताना बाई पहिल्यांदा मोकळ्या बोलल्या. "मला फिजिओथेरपिस्टनी सहा महिन्यांपूर्वी काठी सांगितलीया. ह्यांनी ऐकलंच नाही."

दादा डब्यांकडे बघत राहिले. "काठी म्हातारी माणसं धरत्यात, मॅडम."

पुढचा पाऊण तास डब्यांविषयी एक शब्द निघाला नाही. दादा बरेच रडले. दर डब्यागणिक ते काठी पुढं ढकलत होते, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. मी ते त्यांना बोलून दाखवलं नाही.

पैसे वाचले त्यात काठी आली, चवडा उचलून धरणारा पट्टा आला, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी सुरू झाली. चाल जादूने सुधारली नाही. चप्पल मात्र आता पायात राहते.

काठी घेऊन शाळेत गेल्या त्या दिवशी पहिलीतल्या एका पोरानं विचारलं, "बाई, ही आमाला मारायला आणलीया व्हय?"

त्यांनी मला हे फोनवर सांगितलं. मागून दादांच्या हसण्याचा आवाज येत होता.