कागद कंपनीचे शेअर, पॉलिसीवरचे कर्ज आणि तारण ठेवलेले घर

नागपूरचे एक वाचक कागदाचे घाऊक विक्रेते आहेत. वय 46, वार्षिक उत्पन्न सुमारे 9 लाख, घरी पत्नी आणि दोन शाळकरी मुले. लेखन-छपाईचा कागद बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर त्यांनी 2023 च्या मध्यास 6 लाखांना घेतले. आज त्यांचे 4 लाख येतात. विमा पॉलिसीवर 3 लाखांचे कर्ज काढून आणखी शेअर घ्यावेत आणि खरेदीची सरासरी खाली आणावी का, असे त्यांनी विचारले आहे.

घेऊ नयेत. आपण खरेदी केली तेव्हा पीई गुणोत्तर, म्हणजे शेअरचा भाव प्रतिशेअर वार्षिक नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, अवघे 4 होते म्हणून शेअर स्वस्त वाटला, परंतु तो नफा तेजीच्या शिखरावरचा होता. उदाहरणार्थ, जेके पेपर या कागद कंपनीचा निव्वळ नफा 2022-23 मध्ये सुमारे 1200 कोटी होता, तो 2024-25 मध्ये 400 कोटींच्या आसपास आला. आसियान देशांतून शुल्कमुक्त आयात वाढली आणि निलगिरी-सुबाभळीचे लाकूड महागले, त्यामुळे गिरण्या दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडल्या. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने टनाला 67,220 रुपये किमान आयात किंमत ठरवली, यावर आपली मोठी भिस्त आहे. मात्र ती मार्च 2026 पर्यंतच आणि पॅकेजिंगच्या बहुस्तरीय बोर्डासाठी ठरवली होती, आपल्या कंपनीच्या कागदासाठी नव्हे. शिवाय कागदाचा भाव उतरला की गोदामातला माल आणि शेअर एकाच वेळी घसरतात. बल्लारपूर इंडस्ट्रीज 2020 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, त्यानंतर जुन्या भागधारकांचे काय झाले हे विदर्भातल्या कागद व्यापाऱ्याला सांगायला नको.

मला खरी काळजी वाटते ती पत्रात आपण जाता जाता लिहिलेल्या दोन ओळींची. राहते घर तारण ठेवून आपण बँकेकडून 18 लाखांची कॅश क्रेडिट (धंद्यासाठी लागेल तसे उचलायचे कर्ज) 11 टक्क्यांनी घेतली आहे आणि आयुर्विमा आहे फक्त 10 लाखांचा. उद्या आपले बरेवाईट झाले, तर पॉलिसीवरचे 3 लाख वजा होऊन पत्नीच्या हाती 7 लाख येतील आणि बँक 18 लाख मागेल.

ती पॉलिसीही ‘मुदत ठेवीसारखीच’ म्हणून आपल्या गळ्यात मारली गेली, याचा मला संताप येतो. दहा वर्षे दरसाल 1 लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर 16 लाख मिळायचे, म्हणजे परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. तिकडे कॅश क्रेडिटवर आपण वर्षाला सुमारे 2 लाख व्याज भरता.

आपण प्रथम 65 व्या वर्षापर्यंतचा 1 कोटीचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा) घ्यावा. हप्ता साधारण 30 ते 40 हजार येईल. तो विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता अधिनियम, 1874 अन्वये घ्यावा, म्हणजे ती रक्कम पत्नी-मुलांचीच राहील आणि धनकोंना तिच्यावर हक्क सांगता येणार नाही. तो मंजूर झाल्यावरच, सहा हप्ते भरलेली जुनी पॉलिसी पेड-अप करावी, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवावी, आणि उरलेल्या चार हप्त्यांचे 4 लाख जसजसे वाचतील तसतसे कॅश क्रेडिटमध्ये भरावेत. निम्मे शेअर विकून येणारे 2 लाखही तिथेच जावेत. विम्याच्या अर्जात आपण घेत असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा उल्लेख अवश्य करावा, कारण ती माहिती लपवली आणि दावा नाकारला गेला, तर विमा कंपनीशी भांडण्याची वेळ आपल्या पत्नीवर येईल.