विचारा की राव: रेयॉन नेमकं कुठल्या रकान्यात?

नमस्कार मंडळी. या महिन्याचा प्रश्नांचा गठ्ठा घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात लक्षात आलं की झाड, कापड, कागद, टॉवेल असं काहीही विचारलेलं असलं तरी निम्मे प्रश्न फिरून फिरून सेल्युलोजपाशीच येतायत (म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा तो पदार्थ, ज्याच्या झाडाच्या पेशींच्या भिंती बनतात). मग म्हटलं तेच आधी घेऊ. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात बघतो.

प्रश्न: सर, माझी मुलगी सातवीत आहे. परीक्षेत ‘नैसर्गिक धागे आणि कृत्रिम धागे असे दोन गट करा’ असं होतं. तिने रेयॉन नैसर्गिकमध्ये टाकलं कारण ते लाकडापासून बनतं असं तिने वाचलं होतं. मार्क गेला. दोन दिवस घरात तेच चाललंय, मी बरोबर आहे म्हणते. कोण बरोबर?

उत्तर: मार्क कापणारे चुकले नाहीत आणि तुमची लेकही पूर्ण चुकलेली नाही, म्हणजे आता मला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागणार.

रेयॉनची सुरुवात झाडापासूनच होते हे खरंय. लाकडाचा साफ केलेला लगदा म्हणजे जवळजवळ सगळं सेल्युलोज, तो कॉस्टिक सोड्यात भिजवतात, मग त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात आणि मग मधासारखा दाट नारिंगी द्राव तयार होतो. तो द्राव शॉवरच्या तोंडासारख्या, पण त्याहून कितीतरी बारीक छिद्रांच्या चकतीतून आम्लात सोडला की प्रत्येक छिद्रातून एक धागा घट्ट होत होत बाहेर पडतो. ही व्हिस्कोसची पद्धत क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तीन इंग्रज रसायनतज्ज्ञांनी १८९२ मध्ये काढली. एवढा सगळा उपद्व्याप करून धागा कशाचा निघाला? परत सेल्युलोजचाच! म्हणजे रेणू झाडाने बनवला आणि धागा माणसाने. नायलॉनचं तसं नाही, १९३५ मध्ये कॅरोदर्स या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने नायलॉन केलं तेव्हा रेणूची साखळीसुद्धा प्रयोगशाळेतच जोडलेली होती, झाडाचा तिथे काही संबंध नाही.

पण एक गोष्ट लेकीला नक्की सांगा, या भानगडीत साखळ्या तुटतात. कापसात एकेका साखळीत हजारो ग्लुकोज असतात, रेयॉनमध्ये त्या काहीशेवर येतात. म्हणून रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद साधारण निम्मी होते. तेव्हा ‘सेल्युलोजच ना, मग कापूस आणि रेयॉन एकच’ हेही चालणार नाही. परीक्षेत ‘मानवनिर्मित’ किंवा ‘कृत्रिम’ असा रकाना दिसला की डोळे मिटून तिथे लिहायचं. माझं मत विचाराल तर चूक दोन रकान्यांच्या प्रश्नाचीच आहे, आणि कारण लिहिलं असेल तर अर्धा मार्क द्यायला हवा होता, पण माझं मत शाळेत चालत नाही.

प्रश्न: मी आठवीत आहे. कागद पण सेल्युलोज आणि सुती कापड पण सेल्युलोज, तर मग कागद पाण्यात विरघळतो आणि शर्ट का नाही विरघळत?

उत्तर: भारी प्रश्न! मोठ्यांपैकी एकानेही विचारला नाही.

आधी कापसाचा एक तंतू घे. तो सरकीच्या सालीवर उगवलेला केस असतो आणि तो अख्खा केस म्हणजे एकच पेशी, लांबी अडीच-तीन सेंटिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. बोंड उमललं की ही पेशी वाळते, आतून पोकळ असते म्हणून चपटी होते आणि तिला आपोआप पीळ पडतो. हा पीळ नसता तर सूत कातणं अवघड होतं, कारण पिळामुळेच तंतू एकमेकांत अडकतात. मग कातताना आणखी पीळ देतात, मग उभे आडवे धागे विणतात. असा धागा ओढला की आतले तंतू एकमेकांवर अजूनच दाबले जातात. म्हणजे कापडाची सगळी ताकद अडकण्यात आहे.

कागदात यातलं काहीच नसतं. लाकडाचे तंतू जेमतेम एक ते तीन मिलिमीटरचे, ते पाण्यात कालवायचे, जाळीवर पसरायचे, दाबायचे, वाळवायचे, झाला कागद. ना पीळ ना वीण. वाळताना शेजारच्या तंतूंमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात आणि मुख्य आधार त्यांचाच. पाणी आलं की पाण्याचे रेणू त्या बंधांच्या मधे घुसतात, तंतूंचे हात सुटतात आणि लगदा होतो. आता बघ, तू ‘विरघळतो’ म्हणालास किंवा म्हणालीस, पण विरघळते ती साखर. कागद फक्त सुटा होतो. गाळून वाळवलास तर परत कागद होईल, रद्दीपासून नवीन कागद बनतो तो याच जोरावर. आणि सुती धागा उलट ओला झाल्यावर थोडा जास्त मजबूत होतो. बऱ्याच देशांच्या नोटा कापसाच्या तंतूंच्या कागदावर छापतात, म्हणून पॅंटच्या खिशात राहून धुण्यात गेलेली नोट चुरगळते पण बहुतेक वेळा वाचते, आणि तिच्या शेजारच्या पावतीचा मात्र भुगा होतो.

प्रश्न: गायीला गवत पचतं, कधी कधी कागद पण खाते. आपल्याला का नाही पचत?

उत्तर: खरं सांगायचं तर गायीलाही स्वतःला पचत नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव पचवतात. पिठातला स्टार्च आणि कागदातलं सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले, पण सेल्युलोजमध्ये एक ग्लुकोज सुलटं, पुढचं उलटं असं जोडलेलं असतं. त्यामुळे साखळी सरळसोट होते, साखळ्या एकमेकींना चिकटून घट्ट बसतात, आणि तो जोड तोडणारं विकर आपल्या शरीरात बनतच नाही. एवढाच फरक. त्या एका उलट-सुलटीमुळे एक आपल्याला पचतं आणि दुसऱ्याचे आपण शर्ट शिवतो.

प्रश्न: कुंडीत झाड वाढतं, चांगलं दोन-तीन किलोचं होतं, पण माती तेवढीच दिसते. मग झाडाचं वजन येतं कुठून? नवरा म्हणतो मातीतूनच, खतातून.

उत्तर: ताई, तुमच्या नवऱ्याच्या बाजूने शेकडो वर्षं बरेच लोक होते, तेव्हा त्यांना एकदम हसू नका.

हे मोजून बघायचं व्हान हेल्मोंट नावाच्या माणसाने सतराव्या शतकात ठरवलं. सुकवलेली सुमारे ९० किलो माती मोठ्या भांड्यात घेतली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड उपटून तोललं तर साधारण ७७ किलो! आणि माती परत सुकवून तोलली तर कमी झाली होती ५५-६० ग्रॅम. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. १६४८ मध्ये, तो गेल्यानंतर, हे छापून आलं.

प्रयोग एक नंबर आणि निष्कर्ष अर्धा चुकलेला. आणि यातली माझी आवडती गोष्ट अशी की ‘गॅस’ हा शब्दच मुळी या माणसाने काढलाय, आणि कोळसा जळताना जो वायू निघतो, ज्याला आपण आता कार्बन डायऑक्साइड म्हणतो, त्याचं वर्णनही त्यानेच केलंय. म्हणजे झाडाचं वजन ज्याच्यापासून येतं तो वायू त्याच्या ओळखीचा होता, फक्त तो झाडात शिरत असेल हे काही डोक्यात आलं नाही. होतं असं.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा पानांनी हवेतून घेतलेला. हवेत कार्बन डायऑक्साइड किती, तर ०.०४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहा हजार रेणूंत चार-पाच! तेवढ्यातून निवडून निवडून झाड उभं राहतं. पाण्यातून हायड्रोजन येतो, शिवाय ताज्या झाडात निम्म्याच्या आसपास नुसतं पाणीच भरलेलं असतं, तेव्हा व्हान हेल्मोंट अगदीच हवेत नव्हता (हवेत असता तर बरं झालं असतं म्हणा). पानातून बाहेर पडणारा ऑक्सिजन मात्र पाणी फुटून आलेला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नाही, हे बऱ्याच जणांना उलटं पाठ असतं.

मातीतलं काय येतं हे बघायचं असेल तर लाकूड जाळा. खाली जी राख उरते, वाळलेल्या लाकडाच्या साधारण एक टक्का, ती मातीतून आलेली खनिजं. बाकी सगळं जिथून आलं तिकडे परत गेलं, हवेत. मातीतून नायट्रोजनही येतो, पण तो जळताना उडून जातो म्हणून राखेत सापडत नाही. खताला झाडाचं जेवण म्हणतात ते म्हणूनच मला पटत नाही, जेवण झाड स्वतः बनवतं, खत फार तर मीठमसाला. पण मिठाशिवाय जेवण जात नाही, तेव्हा नवऱ्याला तेवढं श्रेय द्या.

प्रश्न: बेडरूममध्ये स्नेक प्लांट ठेवलंय. सासूबाई म्हणतात रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात, बाहेर काढ. विकणारा म्हणाला होता हे झाड रात्री ऑक्सिजन देतं. कुणाचं ऐकू?

उत्तर: सासूबाईंचं विज्ञान बरोबर आहे, काळजी जास्त आहे. रात्री झाड श्वसन करतं (दिवसाही करतं, फक्त तेव्हा प्रकाशसंश्लेषण त्याच्यावर मात करतं), पण एका कुंडीतून निघणारा वायू इतका थोडा असतो की विचारू नका. स्वस्थ पडलेला एक मोठा माणूस तासाला दहा-बारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्या हिशोबाने आधी नवऱ्याला बाहेर काढावं लागेल.

विकणाऱ्याचं अर्धं खरं. स्नेक प्लांट, कोरफड, निवडुंग अशा झाडांची पर्णरंध्रं दिवसा बंद असतात, पाणी वाचावं म्हणून, आणि रात्री उघडतात. तेव्हा ती कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. पण ऑक्सिजन बनायला पाणी फोडावं लागतं आणि त्याला उजेड लागतो, तो रात्री कुठून आणणार? दिसायला छान आहे, राहू दे खोलीत.

प्रश्न: लोकरीचा स्वेटर मशीनमध्ये धुतला, इतका आटला की आता लहान मुलाला येईल. सुती कपडे आटतात तसंच का हे? परत मोठा करता येतो का?

उत्तर: तुमच्या दुःखात सहभागी आहे, माझ्या राखाडी स्वेटरचंही असंच झालं, तो आता उशीच्या पोटात आहे.

सुती कापड आटतं ते वेगळं. विणताना धागे ताणलेले असतात, पाण्यात गेले की सैल होऊन मूळ लांबीला येतात, एक-दोन धुण्यांत संपतं प्रकरण. लोकरीचा केस केराटिनचा, म्हणजे आपल्या केसांसारखाच प्रथिनाचा, आणि त्यावर कौलांसारखे खवले असतात, सगळ्यांची तोंडं टोकाकडे. गरम पाणी, साबण आणि घुसळणं असं तिन्ही मिळालं की केस मुळाच्या दिशेने सरकू शकतो पण मागे येऊ शकत नाही, खवले अडकतात. प्रत्येक हिसक्याला थोडं पुढे, थोडं पुढे, आणि शेवटी सगळे केस एकमेकांत गच्च. नमदा मुद्दाम असाच करतात. तेव्हा परत मोठा होणं विसरा.

प्रश्न: वर्तमानपत्र पिवळं पडतं पण वहीचा कागद लवकर पडत नाही, असं का?

उत्तर: लिग्निन. लाकडाला कडक करणारा पदार्थ, तो उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात लिग्निन बरंच राहू देतात, वहीच्या कागदातून बहुतेक काढून टाकतात. तागाचं पोतं उन्हात राहून रंग बदलतं त्यालाही हेच कारण.

प्रश्न: ‘शंभर टक्के नैसर्गिक बांबू फॅब्रिक’ असं लिहिलेला टॉवेल घेतला. जाळून बघितला तर कापसासारखा वास येतो, म्हणजे खरंच नैसर्गिक ना?

उत्तर: आलो बघा परत पहिल्या प्रश्नावर! बाजारात बांबूचं म्हणून जे मऊ मऊ कापड मिळतं ते बहुतेक व्हिस्कोसच असतं, म्हणजे बांबूचा लगदा करून वर सांगितलेल्या पद्धतीनेच काढलेलं रेयॉन. बांबूच्या खोडातून ताग काढतात तसा सरळ धागाही काढता येतो, पण तो खरखरीत आणि महाग, टॉवेलला कोण वापरणार.

जाळून इथे काही कळणार नाही. जाळण्याची परीक्षा फक्त कूळ सांगते. कापूस, ताग, रेयॉन तिघंही कागद जळल्यासारखा वास देतात आणि मऊ राख होते कारण तिघंही सेल्युलोज. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखा वास देतात. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो आणि तो वितळलेला थेंब बोटाला चिकटला तर कातडी घेऊनच निघतो, तेव्हा चिमटा वापरा, खाली पाणी ठेवा, आणि मुलांना एकट्याने करू देऊ नका.

तुमच्या टॉवेलसाठी दुसरी युक्ती आहे, आगीशिवाय. त्यातला एक धागा आणि एखाद्या जुन्या सुती चादरीतला साधारण तेवढ्याच जाडीचा एक धागा घ्या. दोन्ही आधी कोरडे ओढून बघा, मग मधोमध ओले करून ओढा. कापूस ओला झाल्यावर तितकाच किंवा जास्त टिकेल, रेयॉन ओल्या जागी पटकन तुटेल. फक्त धागा टॉवेलच्या पोटातला काढा, कडेच्या शिलाईचा नको, शिलाईला बहुतेक वेळा पॉलिस्टर वापरतात आणि तो ओला काय, कोरडा काय, हाताला कापेल पण तुटणार नाही.