'महाअधिवेशनाने' निवडले की 'महाअधिवेशनात' निवडले?

सोलापूरच्या पूर्व भागातील एका कामगार संघटनेसाठी मराठी पत्रक लिहिणाऱ्या वाचक भगिनींनी विचारले आहे की, "पक्षाच्या महाअधिवेशनाने नव्या सरचिटणीसांची निवड केली" हे वाक्य बरोबर आहे का, तिथे 'निवड' म्हणावे की 'निवडणूक', आणि त्यांचे तेलुगू भाषक सहकारी सुचवतात त्याप्रमाणे 'महासभा' हा शब्द वापरला तर चालेल का. संदर्भ मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या एप्रिल २०२५ मध्ये मदुराईला झालेल्या २४ व्या पार्टी काँग्रेसचा, म्हणजेच महाअधिवेशनाचा, आहे, जिथे एम. ए. बेबी सरचिटणीस झाले.

वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे, पण वस्तुस्थितीच्या दृष्टीने चुकीचे आहे, आणि चूक सगळी त्या एका 'ने' प्रत्ययात आहे. तृतीयेचा हा प्रत्यय कर्ता सांगतो. महाअधिवेशनाने निवड केली असे लिहिले की देशभरातून आलेल्या प्रतिनिधींनी सरचिटणीसपदासाठी मते दिली, असाच अर्थ मराठी वाचक घेतो. प्रत्यक्षात या पक्षाच्या घटनेनुसार प्रतिनिधी निवडतात ती केंद्रीय समिती, आणि मग ती समिती आपल्यातून सरचिटणीस आणि पॉलिट ब्यूरो (समितीच्या वतीने रोजचे काम पाहणारे छोटे मंडळ) निवडते. मदुराईतही असेच घडले. आधी केंद्रीय समिती निवडली गेली आणि त्या नव्या समितीने बेबी यांना सरचिटणीसपदी आणि १८ जणांना पॉलिट ब्यूरोवर निवडले. म्हणून "महाअधिवेशनात सरचिटणीसपदी निवड झाली" हे खरे आहे, कारण सप्तमीचा 'त' केवळ स्थळकाळ सांगतो. त्याहून नेमके लिहायचे असेल, तर "महाअधिवेशनात निवडून आलेल्या केंद्रीय समितीने सरचिटणीस निवडले" असे लिहावे. वाक्य थोडे लांबते, पण पत्रक वाचणाऱ्या कामगाराला आपल्या पक्षात कोणाचे मत कुठे मोजले जाते हे कळायला हवे, आणि ते अशा वाक्यातूनच कळते.

'निवड' की 'निवडणूक' या प्रश्नाचे उत्तरही मदुराईतच सापडते. केंद्रीय समितीसाठी मावळती समिती नावांची यादी मांडते. त्या यादीबाहेरचे नाव पुढे आले नाही, तर यादी संमत होते. मदुराईत महाराष्ट्रातील कामगार नेते डी. एल. कराड यादीबाहेरून उभे राहिले, गुप्त मतदान झाले, आणि त्यांना ३१ मते मिळून ते पराभूत झाले. तेव्हा केंद्रीय समितीच्या बाबतीत 'निवडणूक झाली' हे शब्दशः खरे आहे, तर सरचिटणीसपदाच्या बाबतीत 'निवड झाली' हेच म्हणणे योग्य आहे. रचनेच्या दृष्टीने हे दोन्ही शब्द 'निवडणे' याच धातूचे आहेत. 'नेमणूक', 'मिरवणूक', 'वागणूक' यांत दिसणारा 'णूक' प्रत्यय क्रियेचे नाम करतो, एवढेच. पण आजच्या मराठीत त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. 'निवडणूक' म्हटले की उमेदवारी अर्ज, छाननी, मतदान आणि मोजणी आलीच. 'निवड' म्हटले की फक्त निष्पत्ती सांगितली जाते, मग ती मतांनी झालेली असो, एकमताने असो वा अन्य रीतीने. 'बिनविरोध निवड' हा आपल्याकडे रुळलेला शब्दप्रयोग म्हणूनच मोलाचा आहे, कारण प्रक्रिया सुरू झाली होती पण मतदानाची वेळ आली नाही, हे त्यातून दोनच शब्दांत कळते. २० जानेवारी २०२० रोजी जगत प्रकाश नड्डा भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष झाले तेव्हा उमेदवार एकच होता, त्यामुळे तिथे हाच प्रयोग चपखल बसतो.

साहित्य व्यवहारात हा फरक आपण अलीकडेच अनुभवला आहे. २००६ च्या सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली होते आणि त्या काळी संमेलनाध्यक्षपदासाठी निवडणूक होत असे. जानेवारी २०१९ च्या यवतमाळच्या संमेलनापासून निवडणूक थांबली आणि 'निवड' सुरू झाली. अरुणा ढेरे यांच्या नावापुढे तेव्हा 'निवडून आल्या' असे लिहिले गेले असते, तर ते चुकीचे ठरले असते. 'निवडून येणे' यात स्पर्धा जिंकल्याचा अर्थ आहे आणि तो जपला पाहिजे.

तिसरा शब्द 'नियुक्ती' (किंवा साध्या भाषेत 'नेमणूक'). पक्षांच्या बातम्यांत सर्वांत जास्त गफलत याच शब्दाची होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी खरीखुरी निवडणूक झाली. १७ तारखेला राज्याराज्यांत प्रदेश प्रतिनिधींनी मते दिली, १९ तारखेला दिल्लीत मोजणी झाली, आणि आपल्या शेजारच्या कलबुर्गीतून राजकारण केलेल्या मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७, तर शशी थरूर यांना १,०७२ मते मिळाली. पक्षाचे ८५ वे महाअधिवेशन मात्र रायपूरला फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे चार महिन्यांनंतर भरले. तेव्हा "रायपूरच्या महाअधिवेशनात खर्गे यांची निवड" असे कोणी लिहिले, तर तिथे 'ने' सोडाच, 'त' सुद्धा टिकत नाही. त्याच रायपूरला कार्यकारिणीची निवडणूक न घेता सदस्य नेमण्याचे अधिकार अध्यक्षांना देण्याचे ठरले. त्यामुळे त्या कार्यकारिणीसाठी 'नियुक्ती' हाच प्रामाणिक शब्द आहे. तिथे 'निवड' हा शब्द वापरला तर सदस्यांमागे मते उभी आहेत असा आभास निर्माण होतो.

अध्यक्ष आधी आणि अधिवेशन नंतर हा क्रम या पक्षात जुनाच आहे. सुभाषचंद्र बोस १,५८० विरुद्ध १,३७७ अशा मतांनी पट्टाभी सीतारामय्या यांच्यावर विजयी झाले ते जानेवारी १९३९ मध्ये, आणि त्रिपुरीचे अधिवेशन भरले मार्चमध्ये.

पत्रकात 'सरचिटणीस' हा शब्द आहे, तो तसाच ठेवावा. हिंदीतून येणाऱ्या 'महासचिव'ची इथे गरज नाही. मात्र वाचकांसाठी एक खुलासा जोडणे चांगले. कम्युनिस्ट पक्षांत आणि सांगोल्यामुळे आपल्या जिल्ह्याला घरच्या वाटणाऱ्या शेतकरी कामगार पक्षात सरचिटणीस हे सर्वोच्च पद आहे. काँग्रेस आणि भाजप यांच्यात सरचिटणीस अनेक असतात आणि ते अध्यक्षांच्या हाताखाली काम करतात. शब्द एकच असल्यामुळे मदुराईची बातमी वाचून "मग अध्यक्ष कोण झाले?" असा प्रश्न अनेकांना पडतो, आणि तो रास्त आहे.

आता 'महासभा'. तेलुगूत पार्टी काँग्रेसला 'महासभलु' म्हणतात आणि पूर्व भागातल्या घराघरांत तो शब्द ओळखीचा आहे, त्यामुळे सूचना स्वाभाविक आहे. मराठीत मात्र 'महासभा' म्हटले की एक तर हिंदू महासभा आठवते किंवा महापालिकेची सर्वसाधारण सभा. 'अधिवेशन' या शब्दालाही विधिमंडळाची छाया आहे हे खरे. नागपूरचे हिवाळी अधिवेशन हे आधीपासून अस्तित्वात असलेल्या सभागृहाचे एक सत्र असते, तर पार्टी काँग्रेस ही स्वतःच पक्षाची सर्वोच्च संस्था आहे आणि ती साधारण तीन वर्षांतून एकदा भरते. तरीही संघटनेचा देशव्यापी मेळावा या अर्थाने 'अधिवेशन' मराठीत शंभर वर्षांहून अधिक काळ रुजलेला आहे, आणि त्याला डावलण्याइतकी ही अडचण मोठी नाही. भगिनींना हवे असल्यास पहिल्या उल्लेखात 'पार्टी काँग्रेस, म्हणजेच महाअधिवेशन' असे लिहून पुढे एकच शब्द वापरता येईल. नुसते 'काँग्रेस' लिहू नये, कारण मराठी वाचकाला त्यातून दुसरा पक्षच दिसेल.

'महाअधिवेशन' की 'महाधिवेशन'? संधिनियमाने दुसरे रूप शुद्ध, आणि हिंदीत तेच चालते. आपणही 'महाधिवक्ता' आणि 'महाभियोग' संधी करूनच लिहितो. पण हे शब्द संस्कृत घडणीचे म्हणून अखंड आले; मराठीत 'महा' हे आता सुटे, जिवंत उपपद झाले आहे आणि 'महाआघाडी', 'महाआरती' यांत ते संधी न करताच जोडले जाते. 'महाअधिवेशन' याच पंक्तीत बसते, म्हणून माझे मत त्याच्या बाजूने आहे.

पत्रकाच्या मथळ्यात जागा कमी असेल, तर "मदुराई महाअधिवेशन : बेबी सरचिटणीसपदी" एवढे पुरे, त्यात क्रियापद नसल्याने कर्त्याचा प्रश्नच येत नाही. केंद्रीय समितीचा उल्लेख मात्र बातमीच्या पहिल्याच वाक्यात यावा.