जैसलमेरच्या किल्ल्यात मुक्काम करावा का?

आई-बाबांना घेऊन जैसलमेरला जाताय, किल्ल्याच्या आतच खोली मिळतेय, पण ‘आत राहू नका, किल्ला खचतोय’ असं कुणी सांगितलं, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. खरं आहे. किल्ला मनसोक्त फिरा, पण मुक्काम खाली गावात करा.

रावळ जैसलने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. ही टेकडी आपल्या सह्याद्रीसारखी काळ्या कातळाची नाही. मऊ गाळखडक आणि त्यात चिकणमातीचे थर. पाणी मुरलं की माती ढिली होते आणि वरचा बुरूज खचायला लागतो. वाळवंटात पाऊस जेमतेम, म्हणून शतकानुशतकं निभावलं. पाणी खालच्या गडीसर तलावातून घागरींनी वर यायचं. एवढ्या कष्टाचं पाणी कोण सांडणार? पावसाचं पाणी बाहेर काढायला ‘घूटनाली’ होत्या. मग नळ आले, घरांची हॉटेलं झाली, फ्लशचे संडास आले. तेवढं सांडपाणी जुन्या गटारांना झेपत नाही, ते टेकडीच्या पोटात मुरतं. ९९ बुरुजांपैकी काही ढासळलेत. २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं, पण यादीनं पाणी मुरायचं थांबत नाही.

पहिल्या खेपेला मी आतच राहिले होते. सकाळी मागच्या बोळात गेले तर आमच्याच न्हाणीघराच्या पाइपाखाली भिंत ओली, आणि ओलीच्या कडेनं पांढरा खार फुटलेला. बोट लावलं तर पिवळा दगड रव्यासारखा सुटून हातात आला. तेव्हापासून मी खालीच उतरते.

सगळ्यांना उठवून किल्ला रिकामा करा, हे मात्र मला अजिबात पटत नाही. आत हजारो माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ती गेली तर उरतील नुसत्या भिंती. सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर हे सीमेवरचं गाव जगायचं. मुंबई बंदर वाढलं तसा तो व्यापार आटला, फाळणीनं उरलासुरला संपला. आज त्यांची भिस्त पाहुण्यांवर आहे. म्हणून जेवण, खरेदी आत करा, वाटाड्या तिथलाच घ्या. जैन मंदिरांना सकाळचा वेळ ठेवा. पटवों की हवेली आणि सालिमसिंगची हवेली खाली गावातच आहेत.

आणि एक दिवस पहाटे आई-बाबांना गडीसरच्या काठी न्या. ऊन चढताना अख्खा किल्ला तिथून दिसतो.